पूर्ववत कुणासाठी?

२०२५ च्या सप्टेंबरात सीना नदी फुगली. धाराशिव आणि सोलापूर जिल्ह्यांतली काठची गावं पाण्यात गेली. उभी पिकं गेली, वावरातली माती वाहून गेली, गोठ्यातली जनावरं दाव्यासकट मेली. पाणी ओसरल्यावर एका संध्याकाळी आपल्यातली चार पोरं माझ्या घरी आली. त्यांच्याकडं एक निरोप होता. शहरातली काही कलावंत मंडळी एका पूरग्रस्त गावात आठ दिवसांचं शिबिर घेणार होती. लहान मुलं चित्रं काढणार, बाया ओव्या म्हणणार, गोधड्या शिवणार, आणि शेवटच्या दिवशी सगळ्या गावानं मिळून शाळेची भिंत रंगवायची. आपल्या पोरांनी हलगी घेऊन यायचं. निरोपाच्या शेवटी लिहिलेलं होतं : लोकांचं मन हलकं करू, गाव पूर्ववत करू.

पोरांचा प्रश्न सरळ होता. "सर, जावं का नको?"

एक जण म्हणला, जाऊ. लोकं तिकडं रडायलेत आणि आपण काय पुस्तकं वाचत बसायचं? दुसरा भडकला. म्हणला, पंचनाम्यात आपल्या वस्तीची अर्धी घरं नाहीत, आणि आपण हलगी वाजवायला जायचं? आज्यानं सोडलेली हलगी नातवानं गळ्यात घालायची?

दोघांचंही खरं होतं. म्हणून तर प्रश्न अवघड. त्या रात्री मी जे उत्तर दिलं ते अर्धंमुर्धं होतं. पूर्ण उत्तर द्यायचं तर मला बत्तीस वर्षं मागं जावं लागतं, आणि माझी स्वतःची एक चूक सांगावी लागते. ती आजवर टाळली. आता सांगतो.

*

आधी एक गोष्ट साफ करून घेऊ. निसर्गाला नीती नसते.

१५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. हजारो माणसं मेली. गांधीजी म्हणाले, अस्पृश्यतेच्या पापाबद्दल देवानं दिलेली ही शिक्षा आहे. रवींद्रनाथ टागोरांनी त्याला जाहीर विरोध केला. जमीन हलण्याला माणसाच्या पापपुण्याचं कारण चिकटवणं त्यांना पटलं नाही. हा वाद वाचताना मला दरवेळी एकच प्रश्न पडतो. पाप स्पृश्यांचं, मग ढिगाऱ्याखाली अस्पृश्य कशापायी मेला? देवाला एवढंही निवडता येत नसेल तर तो देव काय कामाचा? आणि हाच तर्क उलटा फिरवला की, तुम्ही मागच्या जन्मी पाप केलं म्हणून तुमचं घर पडलं, असं म्हणायला कुणीही मोकळा. हे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलोय.

भूकंप शिवाशिव पाळत नाही. पण भूकंपाच्या दुसऱ्या दिवशी जेव्हा पहिली भाकरी वाटली जाते, तिथून नीतीचा प्रश्न सुरू होतो. २६ जानेवारी २००१ ला कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा मदतछावण्या जातीजातीच्या पडल्या, हे तेव्हाच्या वृत्तपत्रांनी आणि मानवी हक्कवाल्या संघटनांनी नोंदवलंय. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली. तामिळनाडूच्या नागपट्टिणम भागात प्रेतं उचलायला बाहेरच्या नगरपालिकांचे सफाई कामगार आणले गेले. ते कोण होते हे तुम्हाला सांगायला नको. त्याच किनाऱ्यावर दलितांना छावणीत शिरू दिलं नाही, पाण्याच्या टाकीला हात लावू दिला नाही, अशा तक्रारी छापून आल्या. लाट ओसरली. वेस ओसरली नाही.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहिताना दुःखाचा प्रश्न मागल्या जन्मातून उचलला आणि माणूस माणसाशी कसा वागतो तिथं आणून ठेवला. आपत्तीनंतरचं दुःखही तिथंच ठेवून बघायला पाहिजे. नुसतं 'मन हलकं' करून ते संपत नाही. कारण मनावर जे ओझं आहे त्यातलं सगळंच काही पुरानं आणलेलं नसतं.

*

आता माझ्या भागाचं सांगतो.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती बुडवून लोक उशिरा झोपलेले. किल्लारीच्या आसपास लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावं काही सेकंदात बसली. सुमारे १० हजार माणसं मेली.

मारलं ते जमिनीनं नाही, घरांनी. आमच्याकडं दगडमातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती, वर लाकडाचं माळवद, माळवदावर दरसाल टाकलेल्या मातीचा थर. दगडाला दगड धरून ठेवणारं मधे काही नाही. भिंत फुगली की दगड सुटले, आणि वरची सगळी माती झोपलेल्या माणसावर आली. जितका वाडा मोठा तितकं ओझं मोठं. आमच्या वस्तीतली कुडाची छपरं हलकी होती. ती पडली तरी माणूस खालून रांगत बाहेर निघाला. एक म्हातारा तेव्हा म्हणला होता, "गरिबीनं वाचवलं रं आपल्याला." मला ते वाक्य तेव्हाही सहन झालं नाही, आजही होत नाही. कारण माझ्या आत्यानं ऊसतोडीच्या पैशातून, वीस वर्षं पोटाला चिमटा घेऊन, वस्तीतलं पहिलं दगडी घर बांधलं होतं. गावाची घरं जशी, तसं आपलं एक असावं, एवढीच हाव. त्या घरानं तिची सून नेली आणि चार वर्षांचा नातू नेला.

पुढं सरकारनं ५२ गावं नव्या जागी वसवायची ठरवली. जागतिक बँकेचं कर्ज आलं. घराची मापं तीन. भूमिहीनाला आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्याला २५० चौरस फूट. एक ते सात हेक्टरवाल्याला ४००. सात हेक्टरच्या वर असेल त्याला ७५०. कागदावर जात हा शब्द कुठंच नाही. कागद धुतल्या तांदळासारखा. पण जमीन कुणाच्या नावावर होती? आमच्या वस्तीत सात हेक्टर कुणाकडं होतं? भूकंपानं एका रात्रीत सगळ्यांची घरं एका मापाची केली होती. सगळ्यांचं माप शून्य. सरकारनं टेप लावून ती पुन्हा लहानमोठी केली. पक्की घरं मिळाली हे मी नाकारत नाही. ती नसती मिळाली तर आम्ही अजून पत्र्यात असतो. पण ज्याचं जेवढं बुडालं त्याला तेवढं परत, या न्यायात ज्याच्याकडं काहीच नव्हतं त्याला काय परत द्यायचं?

'पूर्ववत' या शब्दात ही सगळी गोम आहे. पूर्वीसारखं. ज्याचं पूर्वी चांगलं होतं त्याला हा शब्द औषधासारखा वाटतो. ज्याचं पूर्वी वेशीबाहेर होतं त्याला कसा वाटेल?

*

नवी घरं बांधून होईस्तोवर लोक पत्र्याच्या शेडात राहिले. त्या हिवाळ्यात शहरातून पुष्कळ माणसं आली. ट्रकच्या ट्रक जुने कपडे आले. रस्त्याच्या कडेला त्यांचे ढीग लागले. आमच्या बायांनी जन्मात न पाहिलेले झगे आणि कोट त्यात होते. त्याच गर्दीत एक छोटा गट आला. पाच-सात तरुण मुलंमुली. रंगाच्या पेट्या, कागद, सुया, दोरे. नाव सांगत नाही. माणसं वाईट नव्हती. आमच्यात जेवायची, आमच्यात झोपायची.

त्यांनी पोरांना कागद दिले आणि सांगितलं, तुमच्या मनातलं गाव काढा. पोरांनी काढलं. पडलेलं घर कुणीच काढलं नाही. सगळी घरं उभी. दारात गाय, मागं डोंगर, मधून रस्ता, वर सूर्य. आमच्या भागात डोंगर नाहीत, पण शाळेत शिकवलेल्या चित्रात असतात, म्हणून पोरं काढत होती.

आमच्या वस्तीतल्या एका नऊ वर्षांच्या पोरीनं वेगळं काढलं. कागदाच्या बरोबर मधोमध आड. आडाच्या काठावर ती स्वतः, हातात दोर, डोक्यावर चुंबळ. बाकीचं गाव तिच्या मागं घागरी घेऊन रांगेत. त्या ताईनं विचारलं, हे काय गं? पोरगी म्हणली, "ह्यो गावातला आड हाय. मी पाणी शेंदायली."

जुन्या गावात त्या आडाच्या पायरीवर आमच्यातलं कुणी चढलं नव्हतं. आमच्या बाया खाली उभ्या राहायच्या आणि कुणाला दया आली तर वरून घागरीत पाणी पडायचं. वस्तीत नंतर हापसा आला, तो चैतातच कोरडा पडायचा. हे सगळं त्या पोरीनं एका कागदावर फिरवून टाकलं होतं. लेखणीला जे वर्षानुवर्षं जमत नाही ते तिनं रंगीत खडूनं केलं होतं.

शेवटच्या दिवशी दोरीला चित्रं टांगली. तालुक्याचे साहेब आले, गावातली वजनदार माणसं आली. पोरीचं चित्र दोरीवर नव्हतं. पोरगी या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा बघून आली. मी त्या गटातल्या एकाला बाजूला घेऊन विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "आत्ता कुठं गाव एकत्र येतंय. अशा वेळी जुन्या जखमा कशाला उघडायच्या?"

मी त्याच्या चेहऱ्याकडं बघत राहिलो. त्याच्या मनात खरंच कपट नव्हतं. त्याला गाव एकत्र दिसत होतं, कारण सगळे एका पत्र्याखाली होते. पण ती जखम जुनी कुणासाठी? पोरीची तहान आजची होती. तिला आड म्हणजे दुखणं वाटलंच नव्हतं. तिनं इलाज काढला होता. त्यानं त्यात जखम बघितली आणि ती झाकली.

इथं मला पहिल्यांदा कळलं की दुःखातही निवड होते. कुठलं दुःख दोरीवर टांगायचं आणि कुठलं घडी करून पिशवीत ठेवायचं, हे कुणीतरी ठरवतं. भूकंपाचं दुःख चालतं, कारण त्यात कुणी आरोपी नाही. वेशीचं दुःख चालत नाही, कारण आरोपी समोरच खुर्चीवर बसलेला असतो. प्रस्थापितांचं सौंदर्यशास्त्र सांगतं की कला माणसं जोडते. बरोबर. पण कशावर जोडते? एकानं गप्प बसण्याच्या अटीवर माणसं जोडली जात असतील तर ते जोडणं आणि गावगाडा यात फरक काय? गावगाडाही माणसं जोडूनच होता.

*

एवढ्यावर थांबलो असतो तर लेख सोपा झाला असता. पोरांना सांगितलं असतं, नका जाऊ, हे सगळं सवर्णांचं मलमपट्टीचं नाटक आहे. बरीच वर्षं मी असंच सांगत आलो. पण माझ्या आत्याचं काय करू?

आत्या भूकंपानंतर बोलत नव्हती. जेवत नव्हती. ज्या घरासाठी हाडं झिजवली त्या घरानंच लेकरू खाल्लं, हे तिच्या डोक्यातून जात नव्हतं. सरकारी डॉक्टर येऊन गोळ्या देऊन गेला. आम्ही चळवळीतली पोरं तिला सांगायचो, आत्या, अर्ज भरायचाय, अंगठा दे. ती अंगठा द्यायची आणि पुन्हा भिंतीकडं तोंड करून पडायची.

त्या गटातल्या मुलींनी एका शेडात जुन्या कपड्यांचा ढीग टाकला आणि बायांना म्हणल्या, वाकळा शिवू. थंडी पडली होती, वाकळा लागणारच होत्या. दुसरं शेड रिकामं नव्हतं म्हणून गावातल्या आणि वस्तीतल्या बाया एकाच ताडपत्रीवर बसल्या. ठरवून नाही. जागाच तेवढी होती. आत्या तिसऱ्या दिवशी जाऊन बसली. तिच्या समोर वाड्यावरची एक बाई बसली. तिचा पोरगा गेला होता, सहावीतला. वाकळ शिवायची रीत तुम्हाला माहीत आहे. एक बाई या काठानं टाके घालत निघते, दुसरी त्या काठानं, आणि दोघी मधे येऊन भेटतात.

आत्यानं वाकळीच्या आतल्या थरात नातवाचं अंगडं घातलं. ढिगाऱ्यातून तेवढंच निघालं होतं. समोरच्या बाईनं ते बघितलं. ती उठून गेली आणि पोराचा शाळेचा सदरा घेऊन आली. तोही आत घातला. वरून लुगड्याचा पदर लावला. बाहेरून काहीच दिसत नव्हतं. दोघी आठ-नऊ दिवस शिवत होत्या. मी एकदा आत्याला विचारलं, ह्यानं काय होतंय? ती म्हणली, "हाताला काय तरी पायजे रं बाबा. हात रिकामा ऱ्हायला की त्यो लेकराला हुडकतो."

जुन्या गावात ती वाड्यावरची बाई आत्याला नुसत्या नावानं हाक मारायची, वयानं लहान असून. अगं ए, अमकी. शेडात ती आत्याला 'अक्का' म्हणायला लागली. आत्या तिला 'बाई' म्हणायची ते तसंच राहिलं. पण एका बाजूनं का होईना, शब्द बदलला होता. कुठल्या जीआरनं नाही, कुठल्या मोर्चानं नाही, कुठल्या समता शिबिरानं नाही.

किसा गोतमीची गोष्ट आपण विहारात दरसाल सांगतो. मेलेलं लेकरू कडेवर घेऊन ती बुद्धाकडं आली. औषध द्या म्हणाली. बुद्ध म्हणाले, ज्या घरात कुणी मेलं नाही त्या घरातून मोहरी घेऊन ये. ती दारोदार फिरली आणि तिला कळलं. या गोष्टीत आपण मरणाची अटळता बघतो. मला आता त्यात दारं दिसतात. बुद्धानं तिला एकटीला बसवून उपदेश केला नाही, लोकांच्या दारात पाठवलं. प्रत्येक दारातून एक बाई बाहेर आली आणि तिनं आपल्या घरातलं मरण सांगितलं. औषध मोहरीत नव्हतं, ते या बोलण्यात होतं. पण त्यासाठी दार उघडावं लागतं. माझी आत्या जुन्या गावात मोहरी मागायला गेली असती तर किती दारं उघडली असती? मोहरी वरून ओंजळीत टाकली असती, पण आपलं मरण तिला कुणी सांगितलं असतं?

पत्र्याच्या शेडांना दारं नव्हती. गोणपाटाचे पडदे होते. त्या एका हिवाळ्यात किसा गोतमीला फिरता आलं. हे त्या सुईदोऱ्यानं केलं, मी ते नाकारू शकत नाही.

*

आता माझी चूक.

ती वाकळ प्रदर्शनासाठी शहरात गेली. तिच्यावर शिवणाऱ्या बायांची नावं नव्हती, भूकंपग्रस्त भगिनींचं काम असं काहीतरी चिठ्ठीवर होतं. वाकळ परत आली नाही. आत्यानं मला सांगितलं, बाबा, तेवढी वाकळ आणून दे. आत लेकराचं अंगडं हाय. मी त्या वेळी घरांच्या यादीत वस्तीची नावं घालायच्या मागं होतो. कचेरीच्या खेटा चालू होत्या, मोर्चाची तयारी चालू होती. मी म्हणलो, "आत्या, वाकळीचं काय घेऊन बसलीस, घराचा कागद बघ."

कागद मिळाला. २५० चौरस फूट मिळालं. वाकळ मिळाली नाही. पुढं मी शोधायला निघालो तोवर तो गट विखुरला होता, आणि कुणालाच काही आठवत नव्हतं. आत्यानं नंतर कधी विषय काढला नाही. आमच्यात काही तुटलं होतं ते तसंच राहिलं, आणि आता ती नाही.

मित्रहो, आम्ही त्या काळी एक सूत्र पाठ केलं होतं. आधी भाकरी, मग कला. आधी हक्क, मग भावना. दुःख, आठवण, अंगडं ही सगळी मध्यमवर्गीय चोचले वाटायची. आत्यानं ते सूत्र मोडून दाखवलं होतं. ती भाकरी खात नव्हती, वाकळ शिवायला लागल्यावर खायला लागली. पण आम्हाला ते बघायला वेळ नव्हता. आणि एवढंच नाही. त्या ताडपत्रीवर जी गोष्ट घडली, 'अगं ए' चं 'अक्का' झालं, ती पुढं न्यायला आमच्यातलं कुणी तिथं नव्हतं. नव्या गावाचा आराखडा होत होता. तेव्हा त्या बाया एका आवाजात म्हणू शकल्या असत्या, आमची घरं शेजारी द्या, पाण्याचा नळ मधोमध द्या. त्या म्हणल्या असत्या का? मला माहीत नाही. त्यांना कुणी विचारलंच नाही. कलावाले वाकळ घेऊन गेले, आम्ही अंगठे घेऊन गेलो.

नव्या गावात रस्ते सरळ आणि रुंद झाले. ७५० वाली घरं एका ओळीत, २५० वाली दुसऱ्या टोकाला. वाड्यावरची बाई एकदा-दोनदा आत्याच्या दारात येऊन गेली. मग येणं थांबलं. पुढच्या एका लग्नात मी स्वतःच्या कानानं ऐकलं. तिनं आत्याला मांडवाबाहेर बघितलं आणि हाक मारली, "अगं ए."

गाव पूर्ववत झालं होतं.

*

हलगीबद्दल बोलायचं राहिलं.

तो भडकलेला पोरगा म्हणला ते विसरू नका. मेल्याचा सांगावा घेऊन जायचं, सरणाची लाकडं वाहायची, मेलेली जनावरं ओढायची, प्रेतापुढं वाजवायचं. ही कला नव्हती, वेठ होती. आपल्या आजे-पणजांनी ती मोठ्या किमतीला सोडली. काही गावांत त्यापायी बहिष्कार झाले, पाणी तोडलं गेलं. आता तीच हलगी शहरात 'लोककला' झाली आणि तिच्या मागची वेठ पुसली गेली. आपत्ती आली, प्रेतं पडली, आणि पुन्हा आपल्यालाच बोलावणं आलं, वाजवायला या. जुना सांगावा आणि हा निरोप यात फरक आहे का, हे विचारायचा त्या पोराला हक्क आहे.

याच्या उलट एक उदाहरण बघा. कच्छमधले वणकर मेघवाळ समाजाचे. म्हणजे तिथले आपलेच. पिढ्यान्‌पिढ्या रबारी धनगरांसाठी लोकरीची घोंगडी विणत आले. भुजोडी गाव त्यासाठी प्रसिद्ध. २००१ च्या भूकंपानंतर तिथंही शहरातून कलावाले आले. त्यातून काही गोष्टी टिकल्या. भुजजवळ कुकमा इथं 'खमीर' ही संस्था २००५ पासून कारागिरांबरोबर काम करते. कोरडवाहू देशी कापूस, ज्याला तिकडं काला कापूस म्हणतात, त्याच्या सुतापासून वणकर कापड विणायला लागले. 'कला रक्षा'नं २००५ मध्ये कारागिरांसाठीच शाळा काढली, नक्षी दुसऱ्यानं काढायची आणि यांनी नुसती विणायची असं राहू नये म्हणून. इथं कारागिराला गप्प राहायच्या बदल्यात सांत्वन मिळालं नाही. त्याला मजुरी मिळाली, शिकणं मिळालं, स्वतःची नक्षी स्वतःच्या नावानं विकता आली. ही फार मोठी गोष्ट आहे. तरी एक खोच राहतेच. दुकानातल्या शालीवर 'परंपरा' लिहिलेलं असतं. त्या परंपरेत विणणाऱ्याला कुठं उभं राहू देत होते, ते लिहिलेलं नसतं. शाल खांद्यावर घेणाऱ्याला ते कळावं का? मला वाटतं, कळावं. त्यानं शाल कमी उबदार होत नाही.

आणि आपली स्वतःची परंपराही आठवा. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांचे जलसे गावोगाव फिरले. तीही समूहाचीच कला होती. तिनंही खचलेल्या माणसाला उभं केलं, हसवलं, रडवलं. पण माणसाला होता तिथं परत नेऊन बसवणं हा तिचा हेतू नव्हता. ती त्याला तिथून उठवून पुढं नेत होती. मेलेलं ढोर ओढू नका, हेही तिनंच सांगितलं. सांत्वन आणि विद्रोह ही दोन वेगळी दुकानं आहेत असं त्या शाहिरांना वाटलं नव्हतं. तसं आम्हाला नंतर वाटायला लागलं.

*

तेव्हा पोरांनो, माझं उत्तर असं.

जा. रडणाऱ्या माणसापाशी जायला कुणाच्या परवानगीची गरज नाही, आणि कला ही काही शहरवाल्यांची जहागीर नाही. पण हलगी गळ्यात घालायच्या आधी पंचनाम्याची यादी हातात घ्या. वस्तीतल्या कुणाचं घर त्यात नाही ते बघा. यादी पूर्ण करायला दुपार घाला, शिबिराला संध्याकाळ. एकासाठी दुसरं सोडू नका. मी सोडलं होतं.

वाजवायचं असेल तर आपण होऊन वाजवा, मजुरी ठरवून, नाव सांगून. पाहुण्यांच्या स्वागताला वाजवू नका. ज्याला नाही वाजवायचं त्यानं वाजवू नये, आणि त्याला कुणी कमी बांधिलकीचा म्हणू नये. त्याचा नकारही आपल्याच चळवळीनं कमावलेला आहे.

पोरं चित्रं काढतील. त्यात एखादी पोरगी आड काढेल, देवळाची पायरी काढेल, पुराच्या रात्री कुणी कुणाला माळवदावर चढू दिलं नाही ते काढेल. ते चित्र दोरीवर लागलंच पाहिजे. पहिलं लागलं पाहिजे. नाही लागलं तर आपली चित्रं काढून घ्या आणि वस्तीत वेगळी दोरी बांधा.

बाया वाकळा शिवतील. ज्या शिवतील त्यांची नावं लिहा, आणि वाकळ शिवणाऱ्यांच्या घरी राहील हे आधी बोलून घ्या. बाहेर दाखवायला न्यायची तर विचारून, आणि परत आणायची जबाबदारी तुमच्यापैकी एकानं घ्यायची. आत कुणाचं काय शिवलंय ते बाहेरून दिसत नाही.

आणि आठवा दिवस संपला, कलावाले गेले, की तुमचं काम सुरू होतं. पाणी उतरल्यावर काही दिवस गावाला दारं नसतात. त्या दिवसांत कोण कुणाला काय हाक मारतंय ते कान देऊन ऐका. एखादा शब्द बदललेला ऐकू आला तर तिथंच बसून राहा. त्या दोघी बायांना घेऊन ग्रामसभेत जा. नवी घरं कुठं, नळ कुठं, स्मशान कुठं, हे त्यांच्या तोंडून वदवा. पुन्हा भिंती उभ्या राहायच्या आत हे झालं तर झालं.

शाळेची भिंत रंगवायची म्हणतात ना? रंगवा. पण तिच्यावर जुनं गाव काढू नका.

जयभीम.